सहाला जेवायला या

टेबलावरचा छापील कागद घ्या, घडी घालून खिशात ठेवा.
त्यातल्या नऊ जागांपैकी चार मालकाच्या मेव्हण्याच्या,
एक केव्हाच बंद पडलेली.
उरलेल्या चारांत जेवण बरं असतं,
पण पोट भरलं का म्हणून
तिथं कोणी विचारणार नाही.

मी रात्रपाळीचा माणूस. सतरा वर्षं या दारात उभा.
अदिस अबाबात नवा आलेला चढावर धापा टाकतो,
आधी पाणी मागतो, मग हाच प्रश्न.
तर ऐका.

आधी घड्याळ.
आमच्याकडे उजाडतं तेव्हा बारा वाजलेले असतात.
सहाला जेवायला या, असं कोणी म्हणालं
तर टळटळीत दुपारी जायचं.
मागे एक कोरियन इंजिनिअर संध्याकाळी पोचला, हातात फुलं घेऊन.
घरच्यांनी वाट बघबघून भांडी घासून पालथी घातली होती.
ती पुन्हा सुलटी झाली,
हे सांगायलाच नको.

आज बुधवार. आज मांस मागू नका.
पेट्रोल पंपामागची गल्ली, निळ्या पत्र्याचं फाटक, पाटी नाही.
उपवासाचं ताट मागा.
उपवास म्हणायचा, आणि समोर येतो
परातीएवढा इंजेरा, आंबूस, सगळ्या अंगाला जाळी पडलेला,
त्यावर मसूर, शिरो, लाल बीट, कोबी, हिरवी भाजी,
ढिगाला ढीग टेकलेला.
अस्कालेच नावाची बाई स्वतः घास करील
आणि थेट तुमच्या तोंडाशी आणील.
घास मोठा असतो. तोंड उघडा.
लाजलात तर ती रागावणार नाही,
नुसती हात तसाच धरून उभी राहील,
आणि ते जास्त अवघड जातं.

शुक्रवारीही तेच ताट. बाकी दिवशी
ब्रुकच्या दुकानात कच्चं मांस कापून देतात, सुरी तुमच्या हातात.
मी खातो. तुम्हाला खा म्हणणार नाही.

रस प्यायचा तर चमच्याने:
खाली पपई, मध्ये आंबा, वर अवोकाडो, वरून लिंबू.
तेज पिणार असाल तर
फुगीर पोटाच्या बाटलीचा गळा दोन बोटांत धरा.
मधाची आहे, गोड लागते,
बोलणं मोकळं होतं, आपण शहाणे वाटायला लागतो.
खरं काय ते उठताना गुडघे सांगतात.

आणि कॉफी.
कॉफीसाठी मी सगळ्यांना तिरूवर्ककडे पाठवायचो,
इथून उतारावर, औदुंबरासारखं एक झाड होतं त्याखाली.
बिया भाजून तवा नाकाशी आणायची,
धूर हाताने आपल्याकडे ओढून घ्यायचा,
मग पहिला कप, दुसरा, तिसरा.
तिसऱ्याआधी उठणाऱ्याला ती नाव विचारायची नाही.

रस्ता रुंद झाला.
शनिवारी टपरी होती, सोमवारी डांबर.
झाडाचं बूडही दिसत नाही, मी पायाने चाचपून पाहिलं.
आता ती शहराच्या टोकाला नव्या इमारतीत राहते, चौथ्या मजल्यावर.
रविवारी भाजते म्हणे, जिन्यात धूर कोंडतो,
खालचे लोक आधी भांडायला येतात
आणि मग बसतात.

माझे तिच्याकडे अकरा कप उधार राहिलेत.
पगार झाला की देणार होतो,
पगार झाला, तोवर टपरी नव्हती.
माझी सुट्टी मंगळवारी. तीन बस बदलाव्या लागतात.
असं म्हणतम्हणत दोन वर्षं गेली.

तुम्ही गेलात त्या बाजूला, तर हे पैसे द्या.
दर वाढला असेल, मागेल तेवढे द्या, मी भरून देईन.
कोणाचे ते सांगू नका.
अकरा म्हणालात की कळेल तिला.

नळाचं पाणी नको.
फाटक रात्री सहाला बंद होतं, म्हणजे तुमच्या बाराला.
आणि तो कागद जाताना परत ठेवा,
मालक मोजतो.