नमुना क्रमांक एकेचाळीस

बावीस प्रश्न. प्रत्येकापुढे पाच घरं :
कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बऱ्याचदा, जवळजवळ नेहमी.
भुसावळचा मे. कूलरमधलं पाणी संपलेलं,
तो नुसताच घरघरत होता.
दौलत सोनवणे, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त केबिनमन,
पलंगाच्या कडेला ताठ बसलेले,
मी जणू खात्याची चौकशी घेऊन आलेली.
शेजारी गेंदाबाई. मांडीवर गाठोडं.

आधी तिची चाचणी.
आज वार कोणता?
'बजारना.'
हे ठिकाण कोणतं?
'ठेसन.'
शंभरातून सात वजा करा.
'तूच कर वं माय, माले गाडी धरनी शे.'
तीसपैकी दोन.
चाचणी प्रमाण मराठीत होती.
ती केव्हाच प्रमाण मराठीतून उतरून
दोंडाईच्याच्या बाजूला चालू लागलेली.
तळटीप : बोलीचा परिणाम तपासलेला नाही.

मग त्यांचे बावीस.
स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं?
कधीच नाही.
रुग्णाचा राग येतो?
कधीच नाही.
आपलं आयुष्य आपल्या हातात राहिलं नाही, असं?
'कधीच नाही,' हे इतक्या मोठ्यानं
की उंबऱ्यावरचं मांजर उठून गेलं.
मनगटावर त्यांच्या दातांची अर्धी ओळ होती, ताजी.
तिच्याबद्दल माझ्याकडे प्रश्न नव्हता.

अठ्ठ्याऐंशीपैकी शून्य.
सर म्हणाले, असं नसतं. परत जा.

परत गेले.
त्यांनी दाराला बाहेरून कडी घातली, कडीला कुलूप,
किल्ली करदोड्याला.
गल्लीच्या तोंडाशी केळीचा ट्रक उभा होता, त्याच्या सावलीत नेलं मला.
'आता विचार. तेव्हा ती ऐकत होती.'
त्यांना समजतं?
'नसेलही समजत.'
थोडं थांबून, 'पण समजलं तर?'

जवळजवळ नेहमी. जवळजवळ नेहमी. बऱ्याचदा.
'मारलं एकदा. लिही. पोहे सांडले म्हणून.
रात्री वाटतं, ही जावी.
मग वाटतं, मीच आधी गेलो
तर हे कुलूप कोण उघडणार?'
ट्रकवरचा पोरगा घड मोजत होता,
मध्येच चुकून पुन्हा एकपासून.
'साडेपाच झाले की गाठोडं बांधते.
एक पोलकं, फणी, टीव्हीचा रिमोट, अर्धं बिबडं.
माहेरले जानं शे, म्हणते.
मी सांगतो, सुरत पॅसेंजर लेट आहे, तासभर.
चौतीस वर्षं एकाही गाडीला
खोटा सिग्नल दिला नाही मी, बाई.
आता रोज देतो.
हे कुठल्या घरात बसतं?'

मी 'इतर' मध्ये लिहिलं.

एकाहत्तर.
हा आकडा चालला. तक्ता चार पूर्णांक सहामध्ये तो आहे,
सरासरीत विरघळलेला, सापडणार नाही.
पहिल्या फॉर्मवर सरांनी लाल पेनानं
'अविश्वसनीय' लिहून आडवी रेघ मारली.
तो मी फाडला नाही. कपाटात आहे,
लाईट बिलांच्या खाली.
कधी काढून बघते ते बावीस 'कधीच नाही',
एकाखाली एक, शाळेतल्या शिक्षेसारखे.
ती उत्तरं मला दिलेली नव्हती.

त्या दिवशी निघताना पिशवी घ्यायला आत गेले.
कुलूप निघालं तर ती दारातच उभी, गाठोडं काखेत.
'गाडी कव्हय ई वं?'
त्यांनी माझ्याकडे बघितलं.
नीतिसंहितेचं पान मला तोंडपाठ आहे :
सहभागी व्यक्तीची दिशाभूल करण्यात येणार नाही.
खाली सही माझीच.

'लेट आहे आजी,' मी म्हटलं. 'तासभर.'

ती परत जाऊन पलंगावर बसली,
आणि सरकून
माझ्यासाठी जागा केली.