घोडं कुठे अडलं

होडी घेतली मार्चमध्ये, धक्क्याला बर्फ चिकटलेला असताना.
एंडेल म्हणाला, मोटार? कशाला हवी मोटार?
तीस वर्षं नुसत्या शिडावर फिरलो मी.
वारा असला तर घरी,
नसला तर जिथे असू तिथे.
मी पैसे मोजले, हात मिळवला,
आणि मागची ताडपत्री वर केली तर
फळीवर दोन गोल खळगे,
पकडीचे स्क्रू वर्षानुवर्षं आवळून पडलेले,
भोवती तेलाचं काळं कडं
ओला कप टेबलावर विसरावा तसं.
माणूस काय, काहीही सांगतो.
लाकडाला ते जमत नाही.

एप्रिल. हेल्दुरची शेड.
लाकडी घोड्यांवर सात मोटारी, माना खाली घातलेल्या.
किती घोडे हवेत, तो विचारतो.
चौदा वर्षं मी हेल्टरमाच्या फेरीवर दोर फेकले,
पायाखाली हजारो घोडे धडधडायचे,
हा प्रश्न मला कुणी केला नव्हता.

बावीस फूट, मी म्हणते. सव्वा टन.
चार पुरेत, पाच बरे, तो म्हणतो,
आठ लावलेस तर ती बदकासारखी शेपटावर बसेल
आणि पळेल तेवढीच.
होडी किती पळणार हे तिची लांबी ठरवते,
तुझी घाई नाही.

आणि दांडा? लांब की आखूड?

इथे घोडं अडलं.
आखूड दांड्याचा पंखा, लाटेवर होडीने नाक खुपसलं
की पाण्याबाहेर येतो, रिकामा किंचाळतो.
लांब दांडा ओर्याकूच्या उथळात
एकेका दगडाची ओळख करून घेतो.
भरती-ओहोटी आमच्याकडे नाहीच म्हणा,
वारा जिकडे ढकलेल तिकडे पाणी जातं,
काल जिथे पोहत होतो तिथे आज लव्हाळे
आणि हंसांच्या पावलांचा चिखल.

तार्तूहून मैमूचा फोन: बॅटरीवरची घे, ताई,
आवाज नाही, धूर नाही.
मी हेल्दुरला ऐकवते.
तास चालेल, तो म्हणतो. छान तास असेल.
दुसऱ्या तासाला वल्ही आहेत ना?

कोपऱ्यात एक सोव्हिएत काळातली, हिरवा रंग उडालेला.
नाव वेतेरोक. म्हणजे झुळूक.
वडिलांची अशीच होती;
रात्री चौकीत जमा करायची, सकाळी सही करून घ्यायची,
झुळूकसुद्धा परवानगीने.
मी तिच्यावरून नुसता हात फिरवला.

मग हेल्दुर म्हणाला, बाकी राहू दे,
आधी उचलून दाखव.
नवी, चार स्ट्रोकची, सव्वीस किलो:
कमरेपर्यंत आली, पुढे माझ्या मणक्याने नकार दिला.
होडीवर तर वाकून उचलायची,
खाली पाणी, हाताशी कुणी नाही.
जुनी, दोन स्ट्रोकची, वीस किलो.
छातीपर्यंत आली. तिथे थांबले. श्वास घेतला.
पाच घोडे, लांब दांडा,
पन्नासाला एक तेल, धूर, आणि
शिलाई मशीनला ताप आल्यासारखा आवाज.
हीच, मी म्हटलं.
दगडांचं मी बघून घेईन.

खळग्यांत तिचे स्क्रू बसेनात. बोटभर चुकले.
मी बाजूलाच आवळत होते
तेव्हा एंडेल धक्क्यावर येऊन उभा राहिला,
कागदात भाजलेला लेस्त मासा, अर्धा खाल्लेला.
बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, होती एक.
स्क्रू आवळायला विसरलो. दुसऱ्या बोयापाशी
वळलो आणि मागे आवाजच बंद.
पाहिलं तर फळी मोकळी.
बायकोला सांगितलं, विकली.

त्याने काटा काढला, पाण्यात टाकला.
अजून तिथेच असेल, म्हणाला. तीन मीटरवर.
तू आधी दोर बांध.

मी दोर आणायला गेले.
दोराचं मला कुणी शिकवायला नको.