पाव वळसा

माझ्याकडे एक चावी आहे, पाच फूट लांब,
इंग्रजी टी अक्षरासारखी. तिनं कुठलंच दार उघडत नाही.
फुटपाथवरचं लोखंडी झाकण उचलायचं,
चावी आत सोडायची, पाव वळसा द्यायचा
आणि समोरच्या घरात नळ खोकतो.

मग झाकणाशेजारी निळी रेघ ओढायची.
रंगाचा डबा कंपनीचा, रेघ माझी.
दिवसाला तीस घरं, घरामागे ठरलेले पैसे,
दुपारी गाडीत बसून थंड सँडविच.
डेट्रॉइटच्या पूर्वेकडची अख्खी गल्ली मला पाण्यात पाहायची,
म्हणजे पाणी असेपर्यंत.

नोव्हेंबरात वर्लीन पेटिग्रू पायरीवर आली,
झग्यावर नवऱ्याचा जुना कोट.
भांडली नाही. म्हणाली, "दहा मिनिटं थांबशील?"
थांबलो. आतून ऐकू येत राहिलं:
आधी बाथटब, मग बादली, पातेली,
मग लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, एकेक,
प्रत्येकीचा सूर भरता भरता वर चढणारा.
भांडं भरत आलं की आवाज बारीक होतो,
इतकी वर्षं पाण्याच्या खात्यात, आणि हे मला ठाऊक नव्हतं.
शेवटी बहुधा फुलदाणी.
"हं," ती म्हणाली, "कर आता."

एकतीस वर्षं तिनं इस्पितळाच्या चादरी धुतल्या.
त्या हातांखालून किती पाणी गेलं असेल,
त्याचं बिल तिच्या नावे कधी आलं नाही.
आता महिन्याची पेन्शन नऊशे सत्तर डॉलर
आणि पाण्याचे एकशे बारा:
त्यात छपरावर पडणाऱ्या पावसाचा निचरा,
तळघरातली न दिसणारी गळती,
उशिराचा दंड, आणि दंडाला झालेला उशीर.
लोक पाण्यासारखा पैसा ओततात म्हणे.
तिच्याकडे पैशासारखं पाणी होतं,
मोजलेलं, झाकण लावलेलं, फडताळात.

शेजारच्या अल-जहमींनी खिडकीतून हिरवा पाइप टाकला.
ते बेकायदा होतं. मी पाहिलं नाही.
जानेवारीत पाइप कुंपणावरच गोठला,
आणि त्यांचा धाकटा, नासेर, शाळेआधी
बहिणीचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन
बर्फात उकिडवा बसायचा, हातभर पाइप, पुन्हा हातभर.

सभेत साहेब म्हणाले, पाणी फुकट येत नाही,
शंभर वर्षांच्या नळ्या आहेत, त्यांना पैसा लागतो.
खरंच लागतो. त्या नळ्या मी पाहिल्यात.
वर्लीन उठली. पर्समधून बिलाचा पाठकोरा कागद काढला,
पेन्सिलीनं केलेला हिशेब.
"फुकट कोण मागतंय? मदतनिधी तुमचा मार्चमध्येच आटतो,
मला एप्रिलमध्येही तहान लागते.
काय देणं आहे ते सांगण्याआधी
काय मिळतं ते विचारा.
शंभरातले तीन घ्या माझ्याकडून. एकोणतीस होतात.
दर महिन्याला देईन, तारखेला.
एकशे बारा मागता, आणि हाती येतं शून्य.
या शून्यातून कुठली नळी बदलली तुम्ही?"
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई काहीतरी लिहून घेत होत्या.

त्याला दोन हिवाळे लागले.
तिसऱ्याच्या तोंडावर कागद आला: मिळकतीवर दर,
आणि माझ्या यादीत तोच पत्ता, नवा शेरा, "सुरू करणे."
उघडायला बंद करण्यापेक्षा जास्त जोर लागतो.
झडप गंजली होती. दोनदा घसरलो, तळव्याला फोड.
मग जमिनीखालून काहीतरी सरकत गेल्यासारखं झालं,
आणि आत कुणीतरी हसलं, किंवा नळ असेल.

तिनं मला पाणी दिलं. नळाचं नाही,
फडताळातल्या बरणीतलं. जरा बडीशेपेचा वास.
रिकामी बरणी लगेच भरून परत जागेवर ठेवली.
"आता कशाला?" मी विचारलं.

तिनं दाराशी टेकवलेल्या चावीकडे पाहिलं.
ती दोन्हीकडे फिरते.