जोर नको

हल, अँलबी रोड. पावणेचार.
मिस्टर स्टॅदर्स यांच्या तोंडावर निळा रबराचा पडदा,
आणि त्यातून वर आलेली एकच दाढ,
ओहोटीला हंबरच्या गाळातून डोकावणाऱ्या खुंटासारखी.

चार नळ्या.
तीन सरळ स्वभावाच्या,
चौथी आतल्या गाठीची.

फाइल वाट रुंद करते, तेवढंच.
साफ करतं ते हे पाणी.
पाणी कसलं, ब्लीच.
चौदा वर्षं झाली, अजून लेक म्हणते,
आई, तुझ्या केसांना स्विमिंग पूलचा वास येतो.

सुई बारीक, टोकाला बंद, भोक कुशीला.
एकोणीस मिलिमीटरवर रबराची खूण.
त्यापुढे नाही.
मुळाच्या टोकाशी एक दार आहे
आणि दारापलीकडे माणूस जिवंत आहे.

अंगठ्याने दाबू नकोस,
नागपूरला उपळेकर मॅडम म्हणायच्या,
अंगठ्यात राग असतो. तर्जनीने दाब.
जोर नको. वेळ दे.

वेळ!
बाहेर तिघं बसलेत, चौथी फोनवर रडते आहे,
आणि भिंतीवरचं घड्याळ
माझ्यापेक्षा जास्त फाइली करतं.

तेवढ्यात मिस्टर स्टॅदर्सचा डावा हात वर.
दुखलं तर हात वर करा, असं मीच सांगितलेलं.
काळजात धस्स.
सुई बाहेर, सक्शन बंद, दिवा बाजूला.
पडद्याखालून घोगरं काहीतरी.
जॅनिस वाकून ऐकते, सरळ होते:
"गाडीचं पार्किंग चारला संपतंय."

जॅनिस स्वतःची चिल्लर घेऊन रस्त्यावर गेली.
आम्ही दोघं थांबलो.
त्यांना बोलता येईना, मला बोलण्यासारखं नव्हतं.
नळ्या काठोकाठ भरलेल्या.
एक बुडबुडा आला. मग बराच वेळ काही नाही.
मग चौथीतून दोन, अगदी बारीक.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपण म्हणतो
ते संशयाने.
मुरू दे.
दोन नळ्यांमधल्या त्या फटीत,
जिथे कुठलीच फाइल पोचली नाही,
एक्स-रेला जी दिसली नाही,
तिथे सावकाश काही विरघळत असेल,
माझ्या हुशारीशिवाय.

जॅनिस भिजून परत आली.
मग दुसरं द्रावण, भिंतींवरची साय उतरवायला,
मग पुन्हा पहिलं,
मग कागदी काड्या: एक गुलाबी,
एक ओलसर, एक ओलसर,
चौथी कोरडी.
ती मी उजेडात धरून उगाच पाहिली.

मिस्टर स्टॅदर्स अर्ध्या ओठाने थँक्यू म्हणाले.
एक पौंड वीस पेन्स जॅनिसने घेतले नाहीत.

संध्याकाळी मॅडमना फोन लावला.
तिकडे रात्र झालेली.
त्यांना हल्ली ऐकू कमी येतं.
जोरात बोलावं लागतं.