बारावं घर

मार्डल टेरेसचा मध्य
मार्डल टेरेसच्या टोकाला आहे.

नकाशात एकवीस घरं होती.
अकराव्याच्या माथ्यावर त्रिकोणी शिखर,
चार खांब, दगडी फुलांची माळ,
आणि दोन्हीकडे दहा दहा घरं, पारड्यांसारखी.
जेबेझ क्रोलनं डावं पारडं भरलं,
काटा उभा केला,
आणि त्याच हिवाळ्यात त्याची पेढी बुडाली.

रस्त्यावरून बघाल तर कोण शिस्त!
मधाच्या रंगाचे चिरे, सांध्यात सुई जाणार नाही.
पहिल्या मजल्यावर खिडक्या पुरुषभर उंच,
वर जावं तशा ठेंगण्या,
कारण छपराखाली मोलकरणी निजायच्या
आणि मोलकरणींना उजेड तो किती लागणार?
चौथ्या घराची एक खिडकी तर खोटीच,
दगडावर काळा रंग, पांढऱ्या पट्ट्या.
दर सात वर्षांनी रंगारी शिडी लावून
तिच्या काचा नव्या करतो.

मागच्या गल्लीत मात्र
वरून कीर्तन, आतून तमाशा.
कुणाचा जिना पोटासारखा पुढे आलेला,
कुणाचं धुराडं तिरकं,
सातव्याला विटा, आठव्याला हाती लागेल ते.
क्रोल फक्त चेहरा विकायचा.
पाठ ज्याची त्याची.

अकराव्याच्या उघड्या भिंतीत
एकाआड एक चिरा वीतभर बाहेर ठेवलाय,
शेजार येईल, त्याची भिंत यात गुंतेल म्हणून.
गवंडी याला दाते म्हणतात.
ऑलिव्ह पेंगेली खालच्या दात्यावर दुधाची बाटली ठेवते,
वरच्याला दाण्यांची जाळी टांगते.
तिसऱ्याच्या खाचेत एका इवल्या पाखराचं घर आहे,
त्याच्याकडे ती बघत नाही,
बघितलं की ते उडतं.

आज ओळंबा घेऊन ओवेन स्प्रॅगेट आलाय.
दहा घरं एकमेकांना रेलून उभी आहेत, तो म्हणतो,
हे अकरावं अडीच इंच कललंय.
आरपार लोखंडी गज घालावा लागेल,
बाहेरून बशीएवढी चकती.

"कुठल्या बाजूला कललंय?"

तो बोट दाखवतो.
गवत, एक मोडकी सायकल,
आणि त्यापलीकडे दरी.

"तिथं कोण राहायचं ठरलं होतं?"
ऑलिव्ह विचारते.

स्प्रॅगेट हातातले कागद चाळू लागतो,
जणू कुठंतरी लिहिलेलं असेल.