सहा महिन्यांनी या

टेबलाच्या काचेखाली कागद आहे.
जुनाट हिपॅटायटिस बी, उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे.
माझ्या आधीच्या डॉक्टरने ठेवला असावा.
काचेत कधीतरी चहा शिरला
आणि 'दर सहा महिन्यांनी' एवढीच ओळ
तपकिरी होऊन फुगली.

जिल्ह्याहून रसिका निनावे आली, फॉर्म घेऊन.
आधी तोंडी.
गोळी कुणाला सुरू करायची, कुणाला नुसतं बघत राहायचं,
गरोदर बाईचं काय,
बाळाला पहिली सुई किती तासांत.
मी एकदाही अडखळलो नाही,
शाळेत पाढे म्हणायचो तसा, एकोणतीसच्या पाढ्यासकट.
ती म्हणाली, सर, पैकीच्या पैकी.

मग तिने कपाट उघडायला लावलं.

चाळीस फायली.
एसजीपीटी: सदतीस जणांचं केलेलं.
व्हायरल लोड: नऊ.
सोनोग्राफी: सहा, त्यातल्या दोन मुतखड्यासाठी.
घरच्यांची तपासणी:
ती पानं उलटत राहिली.
लाईन गेलेली, पंखा बंद,
कागदाचा आवाज फार मोठा वाटला.

मी म्हणालो, नमुना नागपूरला जातो,
बर्फाचा डबा एकच, तोही लसीकरणाच्या दिवशी मिळत नाही.
मशीन आहे, चालवणारा नाही.
ब्रह्मपुरीला पाठवलं तर एकाची रोजी बुडते,
आणि सोबत जाणाऱ्याची.
तिने लिहून घेतलं, 'इतर कारणे' मध्ये.
तिथे दोनच ओळींची जागा होती.

पण फाईल क्रमांक चौदा.
रघुपती कुमोटी, वय एकतीस.
रक्तदान शिबिरात कळलं. एसजीपीटी अठ्ठावीस.
खाली माझं अक्षर:
'काळजीचं कारण नाही. सहा महिन्यांनी या.'
तारीख तीन वर्षांपूर्वीची.

याला बर्फाचा डबा लागत नव्हता.
चार वाक्यं लागत होती.
की आज बरं दिसतंय ते उद्या तसंच असेल असं नाही.
की दारू आणि हे एका घरात नांदत नाहीत.
की बायकोचं, लेकरांचं रक्त बघू या.
की लाजू नकोस, ताट वेगळं करू नकोस.
त्या दिवशी ओपीडी एकशे सत्तर होती, हे खरं.
साठ असती तरी मी तेवढंच लिहिलं असतं,
हेही.

आणि सहा महिने म्हणजे कुणाचे?
इथे रोवणी असते, मग धान कापणी,
मग ट्रकात बसून तेलंगणात, मिरची तोडायला,
परतले की मोहफूल, मग तेंदूपत्ता.
माझी ओळ यातल्या कुठल्या बांधावर
वाट बघत उभी राहणार होती?

तेव्हापासून चिठ्ठीवर लिहितो:
'धान कापून झाल्यावर, मिरचीला जायच्या आधी, मंगळवारी.'
औषधं देणारा गेडाम हसतो,
म्हणतो, साहेब, हे डॉक्टरचं की पंचांगाचं?
रघुपतीची चिठ्ठी आशाताईंच्या हाती धाडली.

मंगळवारी तो आला नाही.
दुपारी दोनला, ओपीडी उठता उठता,
त्याची बायको दारात. हातात चिठ्ठी, चौघडी घातलेली.
"टरक एक दिवस आधीच आला जी, थो गेला.
चिठ्ठी वाया कायले घालू, मनून मीच आली.
चालते का?"

दुसऱ्या पानावर, तिसरा मुद्दा:
घरातील सर्वांची तपासणी.
तोंडी विचारलं असतं तर मी सांगितलंच असतं.
तिला मात्र मी बोलावलं नव्हतं.

तिने बांगड्या मागे सारल्या,
हात काचेवर ठेवला, नेमका त्या फुगलेल्या ओळीवर,
आणि म्हणाली, "दोन पोरंबी आनली. भायेर बसली हायेत."

मी सिस्टरला हाक मारली.
तीन ट्यूब आणा.