कोरम

केळीच्या रोपांचं शिक्षण घ्यायला मलावीहून आलेला चिसोमो फिरी
सुट्टीच्या दिवशी माझ्या मोटरसायकलवर मागे बसून
यावलच्या वर, तडव्यांच्या वस्तीत
ग्रामसभा बघायला आला.

ग्रामसेवकाने डोकी मोजली. एकोणतीस.
सभा तहकूब.
अर्ध्या तासाने तीच डोकी, तीच सतरंजी,
आणि सभा कायदेशीर.

चिसोमो हसला. म्हणाला,
आमच्या बाजूच्या सोळा देशांची एक संघटना आहे,
तिने मला शेजारी पाठवलं होतं, मतदान बघायला.
शाळेत कंदील. एक मत तिसऱ्यांदा उलटून पाहिलं
तेव्हा बाहेर कोंबडा आरवला.

मी मराठीत सांगत गेलो, जमेल तसं.
'निरीक्षक' शब्दाशी हुरमाबाईने मला थांबवलं:
"चुकलं दिसलं, तं मंग यानं काय केलं?"
लिहिलं.
"वाचलं कोन्ही?"

सतरंजीचा सुटलेला दोरा
तो बोटाला गुंडाळत राहिला, सोडत राहिला.
पुढच्या खेपेला, म्हणाला,
त्या शाळेत बल्ब होता.
एक.

"आमचा हातपंप चारदा लिवला,"
हुरमाबाई कोणालाच म्हणाली नाही, असं म्हणाली.
मग उठली, ग्रामसेवकाच्या मांडीवरचं प्रोसिडिंग बुक उचललं
आणि पाहुण्यापुढे ठेवलं.
ग्रामसेवक खोकला.

पाचव्या ठरावाखाली, समासात,
चिसोमोने त्याच्या भाषेत दोन ओळी लिहिल्या.
अर्थ मी परतताना विचारला, उताराला, इंजिन बंद करून:

एकोणतीस होते.
मी मोजले.